17 वर्षं, 30,000 डॉलर

पीटरसन टॉस्कानो हा अमेरिकी नट आपल्या ‘बरं होण्या’चा हिशेब रोखठोक सांगतो: 17 वर्षं, तीन खंड आणि 30,000 डॉलरहून जास्त खर्च. एवढं करून तो समलिंगी होता तो समलिंगीच राहिला. मेम्फिसच्या ‘लव्ह इन ॲक्शन’ या ख्रिस्ती निवासी केंद्रातही तो राहून आला होता. त्याच केंद्राने किशोरवयीन मुलांसाठी केलेले नियम 2005 मध्ये बाहेर फुटले, तेव्हा वाचणारे चाट पडले. केल्विन क्लाइनचे कपडे बंद. आणि बाख-बेथोव्हन ‘ख्रिस्ती संगीता’त मोडत नाहीत म्हणून तेही बंद! टॉस्कानोने 2003 पासून या दिवसांचा एकपात्री प्रयोग केला. तोही विनोदी.

ही केंद्रं चालवणारे बहुधा स्वतःच ‘आम्ही बदललो’ म्हणणारे असत. त्यामुळे इथे जखम करणारा आणि जखमी अशी सरळ वाटणी करता येत नाही. 1976 मध्ये अशा गटांची ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही मोठी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी मायकेल बुसीचं तिथल्याच एका सहकाऱ्यावर प्रेम बसलं आणि 1979 मध्ये दोघंही बाहेर पडले. संघटना मात्र फोफावत गेली.

बुसीने जाहीर माफी मागितली ती जून 2007 मध्ये, लॉस एंजलिसला. सोबत आणखी दोन माजी पुढारी होते. त्याच आठवड्यात जवळच्या अर्व्हाइनमध्ये टॉस्कानो आणि क्रिस्टीन बक्की यांच्या पुढाकाराने या ‘उपचारां’तून तगलेल्यांची परिषद भरली. गंमत म्हणजे एक्झोडसचं वार्षिक अधिवेशनही तेव्हा त्याच गावात चालू होतं. आपण एकटेच नापास झालो, असं मानून वर्षानुवर्षं गप्प बसलेली माणसं इथे समोरासमोर आली.

सावरायचं तरी कशाकशातून? गेलेली उमेदीची वर्षं आणि देवावरचा विश्वास हे तर होतंच. पण या उपचारांनी आणखी एक गोष्ट पोखरली होती. अलिप्त बाप आणि मुलाला पदराखाली ठेवणारी आई, यांच्यामुळे मुलगा समलिंगी होतो, हा या मंडळींचा लाडका सिद्धान्त. त्यापायी कित्येकांना स्वतःच्या बालपणात नसलेले गुन्हे शोधायला लावलं गेलं. नंतर त्या आईवडिलांशी पुन्हा बोलायला लागणं, हे फार जड काम होतं.

मग एकेक बुरूज ढासळला. समलिंगी माणूस बदलू शकतो, असं म्हणायला आधार देणारा रॉबर्ट स्पिट्झर यांचा 2003 चा अभ्यास 200 जणांच्या फोनवरच्या मुलाखतींवर उभा होता. समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्यात 1973 मध्ये ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे मानसोपचारतज्ज्ञ! 2012 मध्ये त्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी एक्झोडसचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी कबूल केलं, की आपल्याला भेटलेल्यांपैकी 99.9 टक्के लोकांचा लैंगिक कल बदललाच नव्हता. जून 2013 मध्ये संघटनेला टाळं लागलं.

न्यू जर्सीच्या ज्यूरीने 2015 मध्ये असेच उपचार करणाऱ्या ‘जोना’ या ज्यू संस्थेला दोषी ठरवलं ते ग्राहकाच्या फसवणुकीबद्दल. खोट्या जाहिरातीने माल खपवावा, तसाच हा मामला.

आपल्याकडे पश्चिम भारतातल्या अशा उपचारांचा माग अभ्यासक के. पी. रानडे यांनी 2009 च्या सुमारासच काढला होता. कायद्याचं पाऊल पडलं ते जून 2021 मध्ये, मद्रास उच्च न्यायालयात. न्या. आनंद वेंकटेश यांनी कल ‘बदलण्या’च्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली, पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हा प्रकार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. मद्रासच्या त्या निकालाआधी मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत जाऊन बसले होते ते खुद्द न्यायमूर्ती. हा विषय आपल्याला पुरता उमगलेला नाही, असं त्यांनी आदेशातच लिहिलं होतं.