उरलेलं औषध घरात कुठे ठेवलंय?



भात घरात यायला लागलं. पावसाळ्यात खोडकिड्यासाठी, तुडतुड्यांसाठी आणलेल्या बाटल्यांत थोडं थोडं उरलेलं असतंच. ते आत्ता कुठे आहे? बहुतेक घरांत पडवीत, माळ्यावर नाहीतर मोरीजवळच्या कोनाड्यात. आपण त्याला "औषध" म्हणतो, अडचण तिथूनच सुरू होते. पोराला औषध म्हणजे खोकल्याची बाटली. घरात तरी त्याला विषच म्हणा.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपल्याला आठवतं. फवारणी संपल्यावर घरात काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण बिहारचं आहे. 16 जुलै 2013 ला सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. शेतात मारायचं कीटकनाशक, पोचलं कढईत.

म्हणून विष मूळ बाटलीतच ठेवायचं. शेजाऱ्याने "थोडं दे" म्हटलं तरी पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून द्यायचं नाही. लेबल असेल तर कळतं की आत काय आहे. त्यावरचा त्रिकोणही बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक नाही, फक्त कमी जहाल. बाटल्या पेटीत कुलूपबंद, धान्य, पेंढा आणि चुलीपासून लांब ठेवा. रिकामी बाटली तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडून विहीर-ओढ्यापासून दूर पुरा. तेल, रॉकेल, डाळ कशालाही ती वापरू नका, चुलीत जाळू नका.

खेकड्यांसाठी शिजवलेल्या भातात अ‍ॅसिफेट कालवून गोळ्या करणाऱ्यांनी त्याचं पातेलं आणि पळी कायमची वेगळी ठेवावी. घासून चालेल असं धरू नका. गोळ्या हातमोजे घालून, अंगणाबाहेर करा. फवारणीचे कपडेही घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणारी बहुधा घरातली बाईच असते आणि विष तिच्या हाताला लागतं.

आता उंदरांचं. कणगी भरली की ट्यूबमधली पेस्ट आणून पोळीच्या तुकड्याला लावतात. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते, म्हणून ती घरात नकोच. याला उतारा नाही. फसवं असं की पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. "उलटी झाली, आता ठीक आहे" म्हणून घरी थांबलेले असे जातात. पिंजरा लावा, पत्र्याची कोठी वापरा. ब्रोमाडिओलोनही विषच, पण त्याला डॉक्टरांकडे उतारा आहे. ते शेतातल्या बिळात टाका, घरात नाही.

धान्यातल्या किड्यांसाठी काही जण गोळ्या ठेवतात, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि आपल्या कोकणात ओलावा किती ते सांगायला नको. माणसं झोपतात त्या घरात ही गोळी ठेवणं म्हणजे बंद खोलीत विषारी वायू सोडणं. यालाही उतारा नाही. ती फक्त परवानाधारक माणसाच्या देखरेखीखाली वापरायची असते. भात चांगलं वाळवलं, दाताखाली कट्कन तुटलं, तर किडे तसेही कमी लागतात.

पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन करा, किंवा सरळ पेण नाहीतर रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल किंवा थिनर प्यायलं असेल तर अजिबात नाही, ते फुफ्फुसात उतरतं (हमरापूर-जोह्याकडे घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत, तिथे थिनरची बाटली जपा). अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा. आणि बाटली किंवा ट्यूब सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरूनच उपचार ठरवता येतो.

खारेपाटातल्या सभासदांसाठी आणखी एक. उन्हाळ्यात टँकरचं पाणी साठवायला भंगारातलं निळं पिंप घेतलं जातं. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्लॅस्टिक रसायन शोषून घेतं, कितीही धुतलं तरी ते थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. वास गेला म्हणजे पिंप साफ झालं असं नाही. असं पिंप गोठ्यातल्या पाण्यालाही नको. पिण्याच्या पाण्यासाठी नवीनच टाकी घ्या, लहान असली तरी चालेल.