‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयात जावे का? गुडीहत्नूरहून पाहिलेला प्रश्न

मृगाचा पाऊस पडला की आदिलाबाद जिल्ह्यातील घरांना दोन निर्णय एकाच वेळी घ्यावे लागतात. शेतात कापूस किती आणि सोयाबीन किती, हा पहिला. इंटर उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनी पुढे कुठे शिकायचे, हा दुसरा. पहिल्या निर्णयामागे पिढ्यांचा अनुभव असतो. दुसऱ्यासाठी विचारावे असे माणूस गावात क्वचितच सापडते.

राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव याच परिस्थितीत आहे. आदिलाबाद शहर येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास आणि नागपूर त्याहूनही जवळ. अनेक घरांत मराठी, बाजारात तेलुगू, आसपासच्या वस्त्यांवर गोंडी आणि तांड्यांवर लंबाडी अशी येथील भाषांची वीण आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. उरलेली मराठी गावे आंध्र प्रदेशात आणि २०१४नंतर तेलंगणात राहिली. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या गोमंतकीय वाचकांना या स्थितीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

या गावांतही आता मोबाइलच्या पडद्यावर पुणे, बंगळूर किंवा दिल्लीजवळच्या खासगी ‘लिबरल आर्ट्स’ संस्थांच्या जाहिराती पोहोचतात. हिरवळीचे आवार, गोलाकार बसलेला छोटा वर्ग आणि हवे ते विषय निवडण्याची मुभा, असे ते चित्र असते. त्यामागे नेमके काय आहे आणि कापसावर चालणाऱ्या घराने त्याकडे कसे पाहावे, याचा हा आढावा.

संकल्पना कोठून आली?

‘लिबरल आर्ट्स’ या शब्दात चित्रकला किंवा नृत्य अभिप्रेत नाही. लॅटिन परंपरेत स्वतंत्र नागरिकाला आवश्यक मानलेल्या सात विद्यांना हे नाव होते. व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व या पहिल्या तीन; अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या पुढच्या चार. गणित आणि भाषा यांची फारकत तेथे मुळातच नव्हती. अमेरिकेत या विचारावर लहान, निवासी आणि केवळ पदवी शिक्षणाला वाहिलेली महाविद्यालये उभी राहिली. फिलाडेल्फियाजवळचे स्वॉर्थमोर हे त्यातले एक ठळक उदाहरण. शहर हाकेच्या अंतरावर, पण आवार स्वतंत्र. विद्यार्थी थोडे आणि शिक्षक त्यांना नावाने ओळखणारे.

मराठी मुलखाला ही कल्पना अगदीच परकी नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय काढले, तेव्हा तेही एक लहान खासगी महाविद्यालयच होते. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करणारे आजीव सदस्य ही त्याची खरी पुंजी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय शिकवले. गोव्यातील कोसबे येथे १९०७मध्ये जन्मलेले दामोदर कोसंबी १९२९मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच गणितज्ञाने १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा ग्रंथ लिहिला. एका विषयाचे शिक्षण दुसऱ्या विषयात कसे उपयोगी पडते, याचे याहून बोलके मराठी उदाहरण शोधावे लागणार नाही.

हैदराबादेत निजामाच्या राजवटीत मराठी समाजाने १९०७मध्ये विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. आपल्या भाषेच्या मुलांना राजधानीत आधार मिळावा, ही गरज त्या काळीही ओळखली गेली होती.

आजच्या संस्था कोणत्या?

पुण्याजवळ लवळे येथील फ्लेम ही संस्था २००७मध्ये सुरू झाली आणि २०१५मध्ये तिला विद्यापीठाचे रूप मिळाले. पुण्यातच सिम्बायोसिसचे लिबरल आर्ट्स विद्यालय २०११पासून चालते. हरियाणातील सोनीपत येथे अशोका विद्यापीठाचे अध्यापन २०१४मध्ये सुरू झाले. दिल्ली तेथून जवळ आहे. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०१५मध्ये पदवी अभ्यासक्रम आणले. आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे, चेन्नईच्या जवळ, क्रिया विद्यापीठाची पहिली तुकडी २०१९मध्ये आली.

यातील बहुतेक संस्था महानगरात नसून महानगराच्या कडेला आहेत. निवासी संकुलाला लागणारी जमीन शहरात मिळत नाही. आणि अध्यापक, प्रशिक्षणाच्या संधी व विमानतळ यांसाठी शहराशिवाय भागत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शहराचा खर्च आणि वसतिगृहाची शिस्त या दोन्हींना तोंड द्यावे लागते. बाहेर खोली घेऊन, हाताने स्वयंपाक करून पैसे वाचवण्याचा नांदेड-हैदराबादचा परिचित मार्ग येथे सहसा बंद असतो.

शिकवतात कसे?

नेहमीच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी ‘आर्ट्सचा’ किंवा ‘सायन्सचा’ ठरतो. या संस्थांत पहिले वर्ष बहुतांशी पायाभूत विषयांचे असते. लेखन, तर्क, संख्याशास्त्राची ओळख, समाज आणि पर्यावरण असे विषय सर्वांना घ्यावे लागतात. मुख्य विषय त्यानंतर पक्का होतो आणि जोडीला एखादा दुय्यम विषय घेता येतो. अर्थशास्त्रासोबत साहित्य किंवा जीवशास्त्रासोबत तत्त्वज्ञान अशी जोडी शक्य असते. वर्षअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी निबंध, सादरीकरण आणि प्रकल्प यांवर सत्रभर गुण मिळतात. फ्लेममध्ये विद्यार्थ्यांचे गट देशातील एखादा विषय निवडून प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन अभ्यास करतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आणि त्यासाठी तक्षशिला, नालंदा व चौसष्ट कलांचा दाखला दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. त्यामुळे विषयांची लवचीकता आता खासगी संस्थांची मक्तेदारी राहिलेली नाही. वर्गातील संख्या, शिक्षकाचा वेळ आणि ग्रंथालय यांत मात्र अंतर कायम आहे.

खर्चाचे गणित

नामांकित खासगी संस्थांत शिक्षण, निवास व भोजन मिळून वार्षिक खर्च दहा लाखांच्या घरात किंवा त्याही पलीकडे जातो. तीन वर्षांचे तीस लाख झाले आणि ऑनर्ससाठी चौथे वर्ष घेतले तर चाळीस. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या कुटुंबाला हा आकडा ऐकूनच पान उलटावेसे वाटेल. परंतु येथे एक बाब समजून घ्यायला हवी. अशोका आणि अझीम प्रेमजी यांसारख्या संस्था कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत देतात. गरज मोठी असेल तर ती पूर्ण शुल्कापर्यंत जाऊ शकते. अझीम प्रेमजी विद्यापीठात निवास व भोजनाच्या खर्चासाठीही साहाय्य मिळू शकते. म्हणून माहितीपत्रकातील शुल्क आणि त्या घराला प्रत्यक्ष भरावे लागणारे शुल्क हे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा आकडा लेखी हाती येईपर्यंत होकार वा नकार ठरवू नये. साहाय्याचा अर्ज बहुधा प्रवेश अर्जासोबतच द्यावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, पट्टा पासबुक आणि बँकेची नोंद ही कागदपत्रे आधीच जमवावीत.

कर्जाचा विचार करताना हप्त्याचे गणित मांडणे आवश्यक आहे. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये येतो. तीस लाखांसाठी तो चाळीस हजारांच्या जवळ जातो. शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. मानव्यविद्यांच्या नव्या पदवीधराच्या पहिल्या पगारातून हा दुसरा हप्ता निघेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि अन्य शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. मात्र योजना ठरावीक संस्थांपुरती आहे. खासगी संस्था राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असावी लागते आणि ही यादी दरवर्षी बदलू शकते. तेलंगणाच्या शुल्क-परतफेड योजनेचा लाभ राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठात मिळेल, असे कोणाच्याही सांगण्यावरून मानू नये. जिल्हा कल्याण कार्यालयात आधी विचारावे.

भाषेची पायरी

पैशाइतकाच कठीण प्रश्न इंग्रजीचा आहे. या संस्थांत अध्यापन, चर्चा आणि लेखन इंग्रजीतच चालते. मराठी माध्यमातून दहावी, तेलुगू सक्तीचा विषय आणि इंटर इंग्रजी माध्यमातून, असा प्रवास केलेला विद्यार्थी तीन भाषांत वावरलेला असतो; तरीही आठवड्याला शंभर पाने इंग्रजी वाचून त्यावर निबंध लिहिण्याचा सराव त्याला नसतो. पहिले सत्र त्यामुळे जड जाते. बुद्धी कमी असल्याची भावना याच काळात घर करते आणि घरी फोनवर ती सांगता येत नाही. संस्थेत लेखनकेंद्र, भाषेचे जादा वर्ग आणि समुपदेशक आहेत का, हे प्रवेशापूर्वीच विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याने गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच आठवडी बाजारात ऐकली, ज्याने कापसाचा भाव आणि सावकाराचा हिशेब घरात पाहिला, त्याच्याकडे समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे पुष्कळ असते. प्रवेशाच्या निबंधात आणि मुलाखतीत हे अनुभव साध्या भाषेत मांडावेत. पाठ केलेली वाक्ये परीक्षकांना लगेच कळतात.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

संस्थेचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिकृत यादीत आहे, याची खात्री सर्वप्रथम करावी. पदवीवर कोणता मुख्य विषय छापला जाईल, हे त्यानंतर विचारावे. लोकसेवा आयोगाच्या बहुतेक परीक्षांना कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते, पण बी.एड. किंवा पदव्युत्तर प्रवेशासाठी विशिष्ट विषयाचे पुरेसे श्रेयांक लागू शकतात. मिश्र विषय घेणाऱ्यांची अडचण येथे होते. शिष्यवृत्ती सर्व वर्षांसाठी आहे की पहिल्याच वर्षापुरती आणि किती गुणांखाली ती बंद होते, हेही लेखी घ्यावे. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करणे व मूळ प्रमाणपत्रे अडवून न ठेवणे आयोगाच्या नियमांनुसार संस्थांवर बंधनकारक आहे.

जवळचे पर्याय

हा मार्ग जमला नाही म्हणजे दारे मिटली, असे नाही. तेलंगणात पदवी प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन प्रणालीतून होतात. आदिलाबादची महाविद्यालये वरंगलच्या काकतीय विद्यापीठाशी, तर सीमेपलीकडे किनवटची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९७४मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम आहेत. तेथील शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत फारच कमी असते. त्यासाठीची केंद्रीय सामाईक परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी व तेलुगू दोन्ही आहेत. लहान वर्गाचा लाभ तेथे नसेल. विषयांची विविधता आणि मोठे ग्रंथालय मात्र निश्चित मिळते.

गुडीहत्नूरच्या एखाद्या घराला यातून निवड करायची झाल्यास क्रम साधा ठेवता येईल. बारावीच्या वर्षातच, म्हणजे हिवाळ्यात, साहाय्य देणाऱ्या एक-दोन खासगी संस्थांना अर्ज करावा. सोबत सामाईक परीक्षेचाही अर्ज भरावा. शुल्क-सवलतीचे पत्र आल्यावर चार वर्षांचा पूर्ण खर्च एका कागदावर मांडावा. तो शेत गहाण न ठेवता भागत असेल तर मुलाला किंवा मुलीला अवश्य पाठवावे. भागत नसेल तर ‘दोस्त’ किंवा केंद्रीय विद्यापीठाचा प्रवेश हाताशी असतोच. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत हा विचार सुरू केला तर साहाय्याच्या मुदती उलटून गेलेल्या असतात आणि उरतात ती केवळ पूर्ण शुल्काची दारे.