गोणपाटापासून सदऱ्यापर्यंत

परदेशी व्यापाराने गरीब देशाचं भलं होतं का? आपल्याकडे याची दोन ठरावीक उत्तरं आहेत. एक म्हणतो, दारं उघडा, समृद्धी आपोआप येईल. दुसरा म्हणतो, दारं उघडली की घर लुटलं जाईल. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते शेजारच्या बांगलादेशाच्या उदाहरणावरून सांगतो.

१९७१ मध्ये हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची बहुतेक निर्यात ताग आणि गोणपाटाची होती. म्हणजे व्यापार तेव्हाही होता. पण प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि तागाची मागणी घसरली. एकाच मालावर विसंबलेल्या देशाच्या हाती फारसं काही उरत नाही. झांबियाला तांब्याने हाच धडा दिला.

मग चित्र पालटलं कसं? १९७४ पासून श्रीमंत देशांनी एका आंतरराष्ट्रीय कराराखाली कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले. दक्षिण कोरियाला ते जाचू लागले. तिथल्या देवू कंपनीने कोट्याचं बंधन नसलेला देश शोधला आणि १९७८ मध्ये बांगलादेशातल्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला. पुढच्याच वर्षी ‘देश’चे १३० जण कोरियात बुसानला शिकायला गेले. बेतणं, शिवणं, दर्जा तपासणं, माल वेळेवर रवाना करणं, सगळं शिकून आले. पुढे काही वर्षांत त्यांतल्या ११५ जणांनी कंपनी सोडली. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांच्या कारखान्यांत गेले. एका कंपनीची माणसं गेली, पण विद्या देशभर पसरली.

सरकारनेही दोन अडसर दूर केले. निर्यातीच्या कपड्यांसाठी लागणारं कापड जकात न भरता आणून ठेवायला बंधित गोदामांची सोय केली. शिवाय परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेच्या पतपत्रावर ते कापड उधारीत मागवता येऊ लागलं. त्यामुळे गाठीला मोठं भांडवल नसलेलाही या धंद्यात उतरू शकला.

२००५ च्या सुरुवातीला कोटे संपले. आता हा धंदा बसणार, असं अनेकांना वाटलं. तो बसला नाही, कारण तोवर कसब देशात मुरलं होतं. बांगलादेशात कापूस जेमतेम पिकतो. तो भारतासह इतर देशांतून येतो. तरीही निर्यातीच्या कमाईत तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक झाला. खेड्यांतून आलेल्या लाखो बायकांच्या हातात स्वतःचा पगार पडला.

याची किंमतही मोजावी लागली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरला ‘राणा प्लाझा’ ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं मेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर कुठे कारखान्यांच्या तपासणीचा बंधनकारक करार झाला. शिवाय तागाच्या जागी कपडे आले, तरी एकाच मालावर विसंबणं सुटलेलं नाही.

म्हणून एखाद्या व्यापार कराराची बातमी वाचताना मी निर्यातीच्या आकड्यांवर थांबत नाही. या व्यवहारातून आपली माणसं नवं काय शिकणार, गिऱ्हाईक उद्या निघून गेलं तरी ते कसब आपल्याकडे राहणार का, आणि यंत्रावर बसलेल्या बाईच्या पदरात त्यातलं किती पडणार, हे तीन प्रश्न मी विचारतो. तुम्हीही विचारून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)