चिऱ्यांचे वर्तुळ आणि चौकटींचे वर्तुळ

वर्तुळाची व्याख्या एका वाक्यात संपते. त्याची रचना मात्र तशी संपत नाही. एका बिंदूपासून समान अंतरावर असणारे सर्व बिंदू, एवढे म्हटले की भूमितीचे काम झाले. परंतु विहीर बांधणारा पाथरवट, उंबऱ्यापुढे रांगोळी घालणारी गृहिणी, पडद्यावर आकृती उमटविणारी संगणकाची आज्ञावली आणि ठोकळ्यांच्या खेळात मनोरा रचणारे मूल, यांच्या हाती बिंदू नसून ठरावीक आकाराचे तुकडे असतात. सरळ कडांच्या तुकड्यांतून वक्र कसा साधावयाचा, हा प्रश्नाचा एक भाग झाला. साधलेला आकार कोणत्या बाबतीत वर्तुळाचे खरे मोजमाप देतो आणि कोणत्या बाबतीत देत नाही, हा दुसरा. पहिल्याचा विचार बराच झालेला आहे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, आणि ते प्रत्यक्ष मोजणीत भोवते.

प्रारंभ साताऱ्याजवळील लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीपासून करणे सोयीचे ठरेल. छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. विहिरीची खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट सांगतात. तिचा एकंदर आराखडा शिवलिंगासारखा असून मुख्य भाग अष्टकोनी आहे. ‘व्यास’ हा शब्द येथे सैल अर्थाने वापरला जातो हे उघड आहे, कारण अष्टकोनाला दोन व्यास असतात: एक समोरासमोरच्या भिंतींमधला, दुसरा समोरासमोरच्या कोपऱ्यांमधला. पहिला ५० फूट धरल्यास प्रत्येक भिंत २०.७१ फूट लांबीची येते. दुसरा धरल्यास १९.१३ फूट. हा दुसरा आकडा काढण्यासाठी त्रिकोणमितीची सारणी उघडण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजू दिलेल्या आहेत, त्यांत अष्टकोनाची बाजू ४५,९२२ आहे. त्रैराशिक मांडले की १९.१३ हाती येतात.

जमिनीवर अष्टकोन आखण्यास दोरी व खुंट्या पुरतात. ५० फुटांचा चौरस आखावा, कर्णाच्या अर्ध्याइतकी, म्हणजे ३५.३६ फुटांची, दोरी घ्यावी आणि प्रत्येक कोपऱ्यातून दोन्ही बाजूंवर तेवढे अंतर खूण करावे. आठ खुणा जोडल्या की कोपरे कापले जाऊन नियमित अष्टकोन उरतो. कापलेला तुकडा १४.६४ फुटांचा व मधला २०.७१ फुटांचा असतो; त्यांचे गुणोत्तर एकास वर्गमूळ दोन.

अष्टकोनाचा पाथरवटाला होणारा लाभ सरळ आहे. भिंतीचे चिरे गुण्यात घडवावयाचे. वेगळा कोन केवळ आठ कोपऱ्यांच्या चिऱ्यांना द्यावयाचा. शिवाय मोटेला काठ सरळ असलेला सोयीचा पडतो. परंतु यासाठी मोल द्यावे लागते. वीस फुटांची सरळ भिंत मागच्या मातीचा रेटा आपल्या वजनावर व जाडीवर पेलते. गोल विहिरीची भिंत तो निराळ्या रीतीने पेलते, आणि तेथेच पाचरीसारख्या चिऱ्याचे महत्त्व येते.

उदाहरणादाखल आतून २० फूट व्यासाची विहीर घ्यावी; चिऱ्याची जाडी दीड फूट, दर्शनी रुंदी सुमारे एक फूट. आतला परीघ ६२.८३ फूट, म्हणून एका थरात ६३ चिरे बसतात. बाहेरचा परीघ ७२.२६ फूट असल्यामुळे प्रत्येक चिरा मागील बाजूस सुमारे १.८ इंच अधिक रुंद हवा. दर्शनी बाजूस मात्र त्याला वक्रता देण्याची गरज नाही: एक फुटाच्या जीवेवर वर्तुळाचा फुगवटा अवघा ०.१५ इंच, म्हणजे चार मिलिमीटरांहून कमी असतो. सपाट तोंडाचे ६३ चिरे डोळ्यांना गोलच दिसतात. अशा थराला आडवी कमान म्हणावे. माती जितकी आत रेटते तितके चिरे एकमेकांवर घट्ट बसतात आणि सर्व भार दाबाच्या रूपाने कड्यातून फिरतो. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून ही रचना टिकते.

चिरे पाचरीसारखे न घडवता चौकोनी लावले, तर प्रत्येक सांध्यामागे सुमारे १.८ इंचांची त्रिकोणी फट राहते. ती दगडाच्या चिपांनी ठासून भरली नाही तर दाब केवळ आतल्या कडेवरून जातो आणि तेथील कपचे उडू लागतात. जुन्या विहिरींची दुरुस्ती करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दर्शनी सांधे सिमेंटने लिंपले म्हणजे भिंत सुधारली असे होत नाही. उलट पाझराच्या वाटा न ठेवता लिंपले तर मागचे पाणी कोंडून भिंतीवरील दाब वाढतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील ज्या जुन्या विहिरी आता गाळ उपसून पुन्हा वापरात आणल्या जात आहेत, त्यांच्या बाबतीत हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही.

हाच थर आज आराखड्याच्या संगणक-प्रणालीत काढावयाचा झाल्यास एक चिरा रेखाटून त्याचा ‘ब्लॉक’ केला जातो आणि केंद्राभोवती त्याच्या ६३ प्रती फिरवून बसविल्या जातात. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक उद्भवते. प्रणालीला नगांची संख्या देण्याऐवजी दोन चिऱ्यांमधला कोन ५.७१ अंश असा दिला, तर खरा कोन ५.७१४३ असल्यामुळे शेवटच्या चिऱ्यापाशी ०.२७ अंशाची, म्हणजे दहा फुटांच्या त्रिज्येवर अर्ध्या इंचाहून मोठी, फट उरते. पाथरवटालाही ही फट ठाऊक असते. तो थराचा शेवटचा चिरा जागेवर माप घेऊन घडवितो. संगणकाला ते सांगावे लागते. गंमत अशी की अक्षरे व चित्रे रेखाटणाऱ्या बऱ्याच प्रणालींत वर्तुळ हे वर्तुळ नसतेच. ते चार वक्रांचे बनविलेले असते. हे वक्र १९६० च्या सुमारास रेनो या मोटार कारखान्यातील बेझिए व सित्रोएनमधील द कास्तेल्जो यांनी स्वतंत्रपणे योजले. ०.५५२३ हा गुणक वापरला असता या चार तुकड्यांच्या त्रिज्येतील चूक शेकडा ०.०२७ हून अधिक होत नाही. पंचवीस फुटांच्या त्रिज्येवर ती दोन मिलिमीटर भरते. लिंबचा पाथरवट तेवढी सहज मान्य करता.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा येथे ओझरता उल्लेख करावा लागतो, कारण तेथे क्रम उलटा आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो, आणि तो परकाराने वाढलेला नसतो. कापलेल्या भोपळ्याचे तोंड जसे निघेल तशी तुनीच्या लाकडाची तबली घडवावी लागते. म्हणजे लाकूड गोलाईला जुळवून घेते, गोलाई लाकडाला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेल्या या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथे सूत्र नाही; हात आणि डोळा आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. समजा, तुकड्याला पाचरीचा आकार देण्याचीच मुभा नाही. सर्व तुकडे सारखे, चौरस आणि एकमेकांना समांतर. ठिपक्यांची रांगोळी, संगणकाचा पडदा आणि ‘माइनक्राफ्ट’सारखा ठोकळ्यांचा खेळ या तिन्हींचे बंधन हेच आहे. रांगोळीतील मधल्या ठिपक्यापासून पाच घरांच्या त्रिज्येचे वर्तुळ कल्पिले तर नेमके बारा ठिपके त्यावर पडतात, कारण तीन व चार यांच्या वर्गांची बेरीज पंचवीस होते. सात घरांची त्रिज्या घेतली तर फक्त चारच पडतात. नियमित अष्टकोन चौरस ठिपक्यांवर मुळीच बसत नाही; वर्गमूळ दोन अपरिमेय असल्याचा हा परिणाम होय. तरीही बाजूची सतरा घरे ५, ७, ५ अशी विभागली तर तिरपी बाजू ७.०७ येते आणि कोणाला फरक ओळखता येत नाही.

वर्तुळाच्या अगदी जवळची घरे निवडण्याची रीत आयबीएममधील ब्रेझनहॅम यांच्या नावाशी निगडित आहे. सरळ रेषेसाठी त्यांनी १९६२ मध्ये तयार केलेली रीत १९६५ मध्ये छापली गेली, आणि वर्तुळासंबंधीचा त्यांचा लेख १९७७ मध्ये आला. तिचे मर्म असे की वर्गमूळ काढावेच लागत नाही. त्रिज्या १० घरांची घ्यावी. क्ष = १०, य = ० येथून निघून य एकेकाने वाढवीत जावे. प्रत्येक वेळी क्ष × (क्ष − १) + य × य ही संख्या काढावी. ती १०० किंवा त्याहून अधिक झाली की क्ष एकने कमी करावा. दोन घरांच्या मधला बिंदू वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, एवढेच ही संख्या सांगते. य = ३ असताना ती ९९ येते, म्हणून क्ष दहाच राहतो; य = ४ ला १०६ येते, म्हणून क्ष नऊ. पुढे य = ५ ला ९७, य = ६ ला १०८, य = ७ ला १०५. घरांची मालिका (१०,०), (१०,१), (१०,२), (१०,३), (९,४), (९,५), (८,६), (७,७) अशी होते, आणि सममितीने उरलेले सात अष्टमांश मिळतात. कागदावर चौकटी आखून हे करून पाहावे: वर-खाली व डावी-उजवीकडे लांब सपाट कडा, कर्णाच्या दिशेस पायऱ्या. खेळातील मनोरे असेच दिसतात.

अशा आकाराचे क्षेत्रफळ विश्वसनीय असते. गाऊसने विचारलेला प्रश्न हाच: दिलेल्या त्रिज्येच्या वर्तुळात किती ठिपके पडतात? त्रिज्या ५ असता ८१. १० असता ३१७. वर्तुळाची क्षेत्रफळे अनुक्रमे ७८.५४ व ३१४.१६ आहेत. त्रिज्येबरोबर ही चूक कोणत्या घाताने वाढते याचा शोध अद्याप संपलेला नाही. गाऊसचा घात १ होता. सिएर्पिन्स्कीने १९०६ मध्ये तो २/३ वर, हक्सली यांनी २००३ मध्ये १३१/२०८ वर आणला. १/२ च्या खाली तो जाऊ शकत नाही हे हार्डी व लँडाऊ यांनी १९१५ मध्ये दाखविले. १/२ च्या हवे तितके जवळ जाता येते ही अटकळ मात्र असिद्धच आहे.

परिमितीचे प्रकरण अगदी वेगळे आहे. पायऱ्यांच्या कडेने फिरले असता प्रत्येक उभी ओळ वरून एकदा व खालून एकदा मोजली जाते, प्रत्येक आडवी ओळ डावीकडून एकदा व उजवीकडून एकदा. म्हणून एकूण लांबी व्यासाच्या चौपट होते, घरे कितीही बारीक केली तरी. पन्नास फूट व्यासाचे वर्तुळ फूटभर ठोकळ्यांनी रचा अथवा इंचभर ठोकळ्यांनी. कडेची लांबी २०० फूटच, खरा परीघ मात्र १५७.०८ फूट. आकार वर्तुळाच्या हवा तितका जवळ येतो आणि त्याची लांबी जवळ येत नाही. सीमेच्या लांबीला आकाराच्या सान्निध्याची हमी नसते, हे विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकातील विधान येथे बोटाने मोजता येते.

माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांतील तलावांचे मोजमाप उपग्रहाच्या चित्रांवरून करता येते. सेंटिनेल-२ च्या चित्रातील बारीकात बारीक घर १० मीटरचे असते. दोनशे मीटर व्यासाचा गोल तलाव घेतला, आणि ज्या घरांचे मध्यबिंदू आत पडतात ती मोजली, तर केंद्र एखाद्या घराच्या मध्यावर असता ३१७ घरे, म्हणजे ३१,७०० चौरस मीटर, येतात. खरे क्षेत्रफळ ३१,४१६. चूक शेकडा एकाहूनही कमी. बाष्पीभवनाचा हिशेब यावर निःशंक करावा. पण त्याच घरांच्या कडा मोजून काठाची लांबी काढली तर ८४० मीटर येते, आणि खरी लांबी ६२८ मीटर आहे. काठाला दगडी अस्तर करावयाचे असेल तर एक-तृतीयांश दगड फुकट मागविला जाईल.

यावर उपाय म्हणून काठावरील घरांचे मध्यबिंदू जोडीत जावे. शेजारच्या घरात जाताना १ आणि तिरप्या घरात जाताना १.४१४ मोजावे. वरच्या मालिकेत प्रत्येक अष्टमांशात चार सरळ व तीन तिरप्या पावलांचा मार्ग आहे. एकूण लांबी ६५.९४ घरे, म्हणजे ६५९ मीटर. चूक शेकडा ३४ वरून ५ वर आली. घरे अधिकाधिक बारीक केली तरी ही चूक शून्याकडे जात नाही, ती ५.४८ टक्क्यांवर स्थिरावते. कारण आठच दिशांनी चालणाऱ्याला गोल काठाची लांबी नेमकी त्या वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणाऱ्या नियमित अष्टकोनाच्या परिमितीएवढी पडते. पन्नास फूट व्यासाला ती १६५.६९ फूट भरते. लिंबच्या विहिरीचा व्यास समोरासमोरच्या भिंतींमधला धरला, तर तिच्या आठ भिंतींची एकूण लांबीही तेवढीच.