बॅकअप झाला, पण नेमका कशाचा?

गावोगावच्या दूध संकलन केंद्रात, विविध कार्यकारी सोसायटीत, कृषी सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत आता संगणक आहे. पूर्वी लाल कापडात बांधलेली खतावणी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली सचिवाच्या खिशात. आज ती खतावणी हार्ड डिस्कमध्ये आहे. ही डिस्क केव्हातरी बंद पडणार हे धरूनच चालावे लागते. म्हणून नोंदींची दुसरी प्रत ठेवायची. यालाच बॅकअप म्हणतात.

विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "साहेब, बॅकअप रोज होतोय की! रात्री आठला आपोआप चालू होतो." पण त्यात कोणता ड्राइव्ह आणि कोणते फोल्डर येतात, असं विचारलं की मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. घोळ इथंच आहे.

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रात पावसाळ्यात वीज कोसळली आणि संगणकाची डिस्क गेली. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप होता, त्यावर रोजची तारीखही होती. नवा संगणक आणून तो उघडला, तर डेस्कटॉपवरची पत्रं, कार्यक्रमाचे फोटो आणि पोरांनी उतरवलेली गाणी निघाली. दुधाचं लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांची नोंद डी ड्राइव्हवर होती. तो ड्राइव्ह बॅकअपमध्ये कधी घेतलाच नव्हता. शेवटी उत्पादकांकडच्या पावत्या गोळा करून दहा दिवसांचं बिल जुळवावं लागलं. ज्याची पावती भिजली किंवा हरवली, त्याच्या लिटरचा वाद तसाच राहिला.

सांगितलं तेवढंच घेतलं जातं

विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. ती मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच घेते. वनड्राइव्हचंही साधारण तसंच आहे. डी ड्राइव्हवरचं किंवा सी ड्राइव्हवर वेगळं केलेलं फोल्डर आपण दाखवल्याशिवाय त्यात येत नाही. राखणीच्या गड्याला शेताची हद्द दाखवली नाही, तर तो समोर दिसतं तेवढंच राखणार. तसाच हा प्रकार आहे.

काही जण म्हणतात, "आमचं सगळं ऑनलाइन आहे." सातबारा सरकारी सर्व्हरवर आहे, हे खरं. प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्या प्रणालीतल्या नोंदीही मध्यवर्ती ठिकाणी राहतात. पण मागील वर्षांची टॅली, टाइप केलेली इतिवृत्तं, थकबाकीच्या नोटिसा आणि सभासदांची स्कॅन केलेली कागदपत्रं आपल्याच संगणकावर असतात. त्यांची काळजी आपणच घ्यायची.

आधी कागदावर यादी करा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कोरा कागद घ्यावा. कोणतं काम कोणत्या प्रोग्रॅमवर होतं आणि त्याची माहिती कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये साठते, हे लिहून काढावे. टॅलीमध्ये डेटा साठण्याची जागा पडद्यावर दिसते. तिथे प्रत्येक कंपनीचं १०००० सारखं आकडी नावाचं फोल्डर असतं. दूध किंवा खतविक्रीच्या सॉफ्टवेअरचा डेटा कुठे आहे, हे ज्याने ते बसवून दिलं त्यालाच विचारावे. तो फोनवर सांगतो. फक्त आपण विचारलं पाहिजे.

बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे दोन याद्या असतात. एक 'इन्क्लूड', म्हणजे घ्यायचे. दुसरी 'एक्स्क्लूड', म्हणजे वगळायचे. काही ठिकाणी फोल्डरसमोर खूण करायचा चौकोन असतो. पुढील गोष्टी 'घ्यायचे' या यादीत असाव्यात :

१) हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं संपूर्ण डेटा फोल्डर. एकट्या चालू वर्षाचं फोल्डर निवडू नये. नाहीतर एप्रिलमध्ये नवं फोल्डर तयार होतं आणि ते बाहेरच राहतं.

२) दूध, खत, बियाणे यांच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस. सॉफ्टवेअर चालू असताना ही फाइल उघडी असते. त्यामुळे कधी ती सुटते, कधी अर्धवट उतरते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची बॅकअपची सोय असेल, तर संध्याकाळचं संकलन संपल्यावर ती वापरावी आणि तयार झालेली प्रत ज्या फोल्डरमध्ये पडते ते फोल्डर यादीत घालावे.

३) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. संगणकावर दोन जणांची वेगवेगळी खाती असतील, तर दोघांचीही घ्यावीत.

४) मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही, नुसती विचित्र अक्षरं दिसतात. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर आपण सहसा वगळतो. म्हणून फॉन्टची वेगळी प्रत डेटाजवळ ठेवावी.

वगळा, पण बघून

सगळंच घेतलं तर डिस्क लवकर भरते, बॅकअपला रात्र पुरत नाही आणि मग तो बंदच केला जातो. म्हणून टेम्प फोल्डर, रिसायकल बिन, सिनेमे, गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ बिनधास्त वगळावेत. पेजफाइल आणि हायबरफिल या विंडोजच्या कामचलाऊ फाइली काही जीबींच्या असतात. त्यांचाही उपयोग नाही. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स ही फोल्डरं नुसती उतरवून ठेवली तर त्यावरून संगणक चालू होत नाही. त्यासाठी 'सिस्टिम इमेज' हा वेगळा प्रकार आहे. मात्र काही जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा प्रोग्रॅम फाइल्सच्या आतच असतो. तसं असेल तर आधी तो बाहेर हलवून घ्यावा किंवा तेवढं फोल्डर घ्यावे.

वगळताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, वरचं फोल्डर वगळलं की त्याच्या आतलं सगळंच जातं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'वगळा' हा हुकूम 'घ्या'वर मात करतो. दुसरी, 'फक्त वर्ड आणि एक्सेल फाइली घ्या' अशी चाळणी लावली की हिशेब बाहेर राहतो. टॅली ईआरपी ९ च्या फाइलींच्या नावाचा शेवट .९०० असा असतो. त्या चाळणीतून त्या जात नाहीत. तिसरी, बॅकअप डी ड्राइव्हवरच ठेवला आणि डी ड्राइव्ह पूर्ण निवडला, तर बॅकअपचाच बॅकअप होऊन डिस्क फुगते. म्हणून बॅकअपचं फोल्डर वगळावे.

प्रत कुठे ठेवायची?

अनेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. कोठारात मधे भिंत घातली म्हणून आगीत एक बाजू वाचत नाही. प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरच घ्यावी. ती जोडली की दरवेळी ई किंवा एफ हे अक्षर तेच मिळतं का, तेही बघावे. अक्षर बदललं तर काही सॉफ्टवेअर जागा सापडली नाही म्हणून थांबतात.

काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांना कुलूप लावून पैसे मागितले. असे व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाहीत. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवली, तर उत्तमच. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा फुकट मिळते. हिशेबाच्या फाइलींना ती पुष्कळदा पुरते. पण इथून फाइल पुसली की तिथूनही ती कचऱ्याच्या टोपलीत जाते. केवळ त्यावर विसंबू नये.

परत आणून बघा

बियाणं घरचं असलं तरी पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतोच ना? तशीच बॅकअपची उगवण महिन्यातून एकदा तपासावी. बॅकअपमधून मागील आठवड्याची एखादी नोंद वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर आणून उघडावी. चालू डेटावर मात्र ती टाकू नये, नाहीतर नवं काम पुसलं जाईल. नवं सॉफ्टवेअर घेतलं, संगणक बदलला किंवा परिचालक बदलला, की दोन्ही याद्या पुन्हा तपासाव्यात. याद्यांचा कागद दप्तरातही लावून ठेवावा.

ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे सचिव आणि केंद्रचालक यांनी यासाठी एक दुपार काढावी. सभासदांनीही वार्षिक सभेत जरूर विचारावे, "बॅकअपमध्ये कोणकोणती फोल्डरं आहेत आणि शेवटची नोंद परत आणून कधी बघितली?" विचारायला लाजू नये. त्या डिस्कमध्ये तुमच्याच दुधाचे लिटर आणि तुम्ही भरलेल्या कर्जाचे हप्ते आहेत.