तांब्याची तार आणि चार तंतू

टेबलाच्या कडेला बसवलेला एक छोटा व्हाइस. त्याच्या चिमटीत जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा गळ. शेजारी तांबूस तारेचं रीळ. तार केसासारखी बारीक, छोट्या इलेक्ट्रिक कॉइलवर गुंडाळलेली असते तशी. आणि फेझंट या मोराच्याच कुळातल्या पक्ष्याच्या नराचं शेपटीचं एक लांब, तपकिरी पीस. सामान एवढंच. ना दोरा, ना डिंक, ना रंग. एवढ्यातून इंग्लंडमधल्या एका नदीच्या राखणदाराने जे बांधलं, ते आज जगभरच्या फ्लाय-फिशिंग करणाऱ्यांच्या डबीत हमखास सापडतं. त्याचं नाव ‘फेझंट टेल निम्फ’ आणि राखणदाराचं नाव फ्रँक सॉयर.

आपल्याकडे गळ म्हटला की त्याला गांडूळ, कणकेची गोळी नाहीतर कोळंबी लावायची, हे ठरलेलं. फ्लाय-फिशिंगमध्ये खरं आमिष नसतंच. पिसं, केस, लोकर, तार असं काही गळावर बांधून किडा उभा करायचा आणि माशाला तो खरा वाटायला लावायचा. या बांधलेल्या किड्याला म्हणायचं फ्लाय. तिला फेकण्याजोगं वजन नसतं, म्हणून जड दोरीच हवेत झुलवून पुढे टाकतात आणि तिच्या टोकाला बांधलेली फ्लाय मागोमाग अलगद पाण्यावर उतरते. काही फ्लाय तरंगतात, काही बुडतात. बुडणाऱ्यांपैकी ज्या पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल करतात, त्या निम्फ.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक आहे. त्याचं आपल्याला दिसणारं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. प्रौढ मेफ्लायचं तोंड निकामी असतं, त्यामुळे ती काही खात नाही. जोडीदार शोधणं, अंडी घालणं आणि मरणं, एवढंच तिचं उरलेलं काम. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा कीटकांमधला एकमेव गट. पण हा सगळा सोहळा शेवटच्या अंकातला. त्याआधीचे कितीतरी महिने, काही जातींत तर वर्ष-दोन वर्षं, ती पाण्याखाली निम्फ म्हणून जगलेली असते. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या आणि पाठीवर अजून न उलगडलेल्या पंखांचं काळपट गाठोडं. ट्राउट मासा पाण्यावर तोंड काढून मेफ्लाय टिपताना फार देखणा दिसतो. पण त्याचं रोजचं जेवण पाण्याखाली, या निम्फवरच चालतं.

ही गोष्ट इंग्रजांच्या लक्षात आली ती एका विशिष्ट प्रकारच्या नदीमुळे. सह्याद्रीतल्या नद्यांची आपल्याला सवय आहे. जुलैत लाल लोंढा, एप्रिलमध्ये डोहापुरतं पाणी. दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्यांतून येणाऱ्या नद्या याच्या अगदी उलट. पडलेला पाऊस सच्छिद्र खडूत मुरतो, गाळून निघतो आणि पुष्कळ काळाने झऱ्यांतून वर येतो. म्हणून झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण दहा अंश तापमानाचं आणि काचेसारखं नितळ. तळाशी पाणवनस्पतींच्या लांब हिरव्या बटा प्रवाहात हलत असतात. अशा नद्या जगात थोड्या आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्येच. टेस्ट, इचिन आणि सॉल्झबरीची एव्हन या त्यातल्या नावाजलेल्या. इथे माणसाला मासा दिसतो आणि माशाला माणूसही. निम्फचा सगळा इतिहास या पारदर्शक पाण्याने घडवला.

त्या इतिहासात एक मोठं भांडण आहे. १८८६ साली फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या फ्लायवर पुस्तक लिहिलं आणि हॅम्पशरच्या नद्यांवर ड्राय फ्लायचं राज्य सुरू झालं. मासा वर येऊन खाताना दिसला पाहिजे, फ्लाय प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकली पाहिजे आणि ती तरंगलीच पाहिजे, असा दंडक पडला. नेमक्या किड्याची नेमकी नक्कल हा हॅलफर्डचा आग्रह. सशाच्या चेहऱ्यावरची खरखरीत लव वापरून, वर सोनेरी पट्टी गुंडाळून बांधलेली ‘गोल्ड-रिब्ड हेअर्स इअर’ ही जुनी फ्लाय त्यालाही भरपूर मासे देत होती. पण ती नेमक्या कोणत्या किड्यासारखी दिसते हे सांगता येईना, म्हणून त्याने ती आपल्या यादीतून काढून टाकली. आज तिच्याकडे पाहिलं की उत्तर सोपं वाटतं. ती विस्कटलेली लव म्हणजे पृष्ठभागाशी येऊन कात टाकण्याची धडपड करणारी निम्फ. माशाला ते कळत होतं. हॅलफर्डच्या चौकटीत मात्र ते बसत नव्हतं.

ती चौकट मोडली जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने. विंचेस्टरजवळच्या इचिन नदीवर तो १८८३ पासून मासेमारी करत होता. आपण मगज काढायला मटणाची नळी ताटावर आपटतो, त्या कामासाठी तिकडे एक लांबट, अरुंद चमचा असतो. स्क्यूज तो चमचा घेऊन नदीवर जायचा. मारलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज तो काढायचा, पांढऱ्या बशीत पाण्यात सोडायचा आणि एकेक किडा वेगळा करून बघायचा. बशीत निम्फच निम्फ निघायच्या. १९१० मध्ये ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ आणि १९२१ मध्ये ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ या पुस्तकांतून त्याने ते सांगितलं. विरोध थांबला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फने मासेमारी करावी का, या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता. त्याच वर्षी त्याने इचिनवरची आपली जुनी जागा सोडली. मासे धरण्याच्या पद्धतीवरून इतका वाद कशाला, असं आपल्याला वाटेल. पण वादाचं मूळ खोल होतं. नियम मोठा की डोळ्यांनी पाहिलेलं मोठं, हा तो प्रश्न होता. स्क्यूजने डोळ्यांची बाजू घेतली.

तीच बाजू पुढे नेणारा सॉयर ना वकील होता, ना क्लबातला साहेब. १९०६ साली विल्टशरमधल्या बलफर्ड गावी, एव्हनच्या काठी तो जन्मला. सॉल्झबरीच्या पठारावर लष्कराची सरावाची मैदानं आहेत, म्हणून नेदरएव्हन गावाजवळचं नदीचं पात्र लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संघटनेकडे होतं. १९२८ मध्ये तिथे राखणदार म्हणून लागलेल्या सॉयरने सुमारे सहा मैलांचा तो पट्टा पुढची पन्नास वर्षं सांभाळला. माजलेल्या वनस्पती कापायच्या, गाळ हटवायचा, काठ बांधायचे, असं ते रोजचं अंगमेहनतीचं काम. पण त्यामुळे तो रोज, सगळ्या ऋतूंत, नदीपाशी होता. स्क्यूजच्या बशीत मेलेल्या निम्फ होत्या. सॉयरने जिवंत निम्फ पाहिल्या, त्याही तासन् तास.

त्याला जे दिसलं ते असं. एव्हनमधल्या ‘ऑलिव्ह’ जातीच्या निम्फ पोहताना पाय अंगाशी घट्ट दुमडून घेतात आणि एखाद्या इवल्याशा माशासारख्या सूर मारत जातात. तोवर निम्फ बांधणारे, स्क्यूजसुद्धा, पायांसाठी कोंबड्याच्या मानेचं पीस वळवून त्याचे आखूड तंतू बाहेर काढत. सॉयरने ठरवलं की पोहणाऱ्या निम्फचे पाय दिसतच नाहीत, तर ते बांधायचे कशाला? पाय गेले. मग दुसरी अडचण आली. मासा तळाशी आहे, निम्फ पटकन त्याच्या पातळीवर पोहोचायला हवी. दोरा वजन देत नाही. मग दोराही गेला आणि त्याच्या जागी तांब्याची तार आली.

आता पुन्हा त्या टेबलापाशी येऊ. आधी गळाच्या दांडीवर तार गुंडाळतात आणि पुढच्या भागात तिचेच वेढे चढवून एक फुगीर उंचवटा करतात. ही निम्फची छाती. तार मागे, गळाच्या वळणापाशी आणतात. शेपटीच्या पिसातून चार तंतू खुडून त्यांची टोकं तीन-एक मिलिमीटर बाहेर राहतील अशी तारेने आवळतात. ही शेपटी. मग खरी गंमत. चारही तंतू तारेभोवती पिळून त्यांचा एकच दोर करतात आणि तो पुढे गुंडाळत नेतात. फेझंटचा तंतू तसा नाजूक, ट्राउटच्या दातांनी सहज तुटेल असा. तारेशी पीळ बसला की तो टिकतो. शिवाय तपकिरी अंगावर मधूनमधून तांब्याची चमक दिसते आणि खऱ्या निम्फच्या पोटावरच्या वळ्या आपोआप उमटतात. पुढे पोहोचल्यावर तंतू तारेपासून सोडवून छातीच्या उंचवट्यावरून मागे, पुढे आणि पुन्हा मागे दुमडतात. दर वेळी एक-दोन वेढ्यांनी आवळतात. ते काळपट गाठोडं म्हणजे न उलगडलेले पंख. शेवटी तारेचीच गाठ मारायची आणि तार तोडायची.

ही तार एकटी किती कामं करते पाहा. ती बांधते, वजन देते, वळ्या काढते, नाजूक तंतूला चिलखत देते आणि ओली झाल्यावर तपकिरी रंगाला आतून ऊब देते. घरातली जाणती बाई एकाच फोडणीत रंग, वास आणि चव तिन्ही साधते, तशी ही काटकसर आहे. तिच्यात गरिबी नाही, जाण आहे.

बांधलेली निम्फ नुसती बुडवून भागत नाही. सॉयर ती माशाच्या वरच्या बाजूला टाकायचा, बुडू द्यायचा आणि माशाच्या तोंडापाशी आली की काठीचं टोक अलगद उचलायचा. निम्फ वर निघते. माशाला वाटतं, घास पळाला, आणि तो झडप घालतो. याला ‘इंड्यूस्ड टेक’ म्हणतात. निम्फचा आकार आणि तिची ही हालचाल एकमेकांसाठीच घडलेली आहेत.

सॉयरचा शेजारी आणि पुढे टीव्हीवर लोकप्रिय झालेला मेजर ऑलिव्हर काइट याने ही वाट शेवटापर्यंत नेली. १९६३ मध्ये त्याचं ‘निम्फ फिशिंग इन प्रॅक्टिस’ आलं. काइटने पीसही काढून टाकलं. उघड्या गळावर तांब्याच्या तारेचा छातीएवढा उंचवटा, बाकी काही नाही. मासे त्यावरही आले, कारण आकार, वजन आणि हालचाल जागेवर होती.

सॉयरची दुसरी कमाल लोकरीची. मोजे रफू करायला चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची लोकर मिळायची. तीच तारेवर गुंडाळून त्याने ‘किलर बग’ बांधला. कोरडी असताना राखाडी दिसणारी ती लोकर भिजली की गुलाबीसर आणि अर्धपारदर्शक होते, गोड्या पाण्यातल्या बारीक झिंग्यासारखी. पुढे ती लोकर बनवणं बंद झालं आणि उरलेल्या तुकड्यांना जुन्या नाण्यांसारखी किंमत आली.

१९५८ मध्ये सॉयरचं ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक आलं आणि त्याची निम्फ नेदरएव्हनच्या बाहेर पडली. अमेरिकेत अल ट्रोथने तिच्या छातीला मोरपिसाचे तंतू गुंडाळले आणि पायही परत लावले. तिकडच्या खळाळत्या नद्यांत ते शोभूनही दिसलं. आज कुणी मण्याचं डोकं लावतं, कुणी चमकदार पट्टी. ते सगळं चालतं. पण शिकणाऱ्याने सुरुवात मूळ बांधणीपासून करावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यातली प्रत्येक गोष्ट काठावर उभं राहून पाहिलेली आहे आणि जे पाहिलं नाही ते बांधलेलं नाही. कसब हातात असतं हे खरं, पण हाताला काय करायचं ते डोळ्यांनी आधी सांगावं लागतं. १९८० साली सॉयर गेला, तोही एव्हनच्या काठावरच.

मेफ्लाय फक्त इंग्लंडची नाही. आपल्या सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यांतही तिच्या निम्फ असतात. पाणी घाण झालं की बहुतेक जातींच्या निम्फ सर्वांत आधी नाहीशा होतात. म्हणून त्यांचं असणं हीच ओढ्याच्या तब्येतीची खूण. पावसाळा सरल्यावर ट्रेकला जाल तेव्हा वाहत्या पाण्यातला एक मुठीएवढा दगड उचलून त्याची खालची बाजू बघा. तीन शेपट्यांचा, चपळ, नखाएवढा जीव दिसला तर क्षणभर न्याहाळा. आणि दगड होता तसाच, त्याच जागी परत ठेवा.