उघाडी, होडी आणि संगणकाची आज्ञावली

अलिबाग-पेणच्या खारेपाटात राहणाऱ्यांना उघाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. खाडीच्या बांधाच्या पोटात एक दार बसविलेले असते. ओहोटी लागली की शेतातले साचलेले पाणी त्या दाराला बाहेर ढकलते आणि दार उघडते. भरती आली की खाडीचे खारे पाणी त्यालाच दाबते आणि दार मिटते. शेतकरी रात्री-अपरात्री तिथे उभा राहत नाही. भाताच्या रोपालाही खाडीची काळजी करावी लागत नाही. ते काम वाटेतच होऊन जाते.

आज मला संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलावयाचे आहे. आपल्या गावांतील पुष्कळ मुले-मुली लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा मुंबई-पुण्याला जाऊन ही विद्या शिकतात. सुटीत घरी आली की ‘इंटरसेप्टर’, ‘कॉलबॅक’, ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ असे शब्द त्यांच्या तोंडी ऐकू येतात. शब्द अवघड आहेत, पण त्यांच्यामागची कल्पना आपल्या किनाऱ्याला परकी नाही.

प्रथम डिपेन्डन्सी इंजेक्शन पाहू. मोठी आज्ञावली ही अनेक लहान घटकांची मिळून बनते. ह्या घटकांना ‘वस्तू’ म्हणतात. एक वस्तू हिशेब करते, दुसरी कागद छापते, तिसरी माहिती साठविते. हिशेबाच्या वस्तूला साठवणाऱ्या वस्तूची गरज लागते. ती तिने स्वतः शोधून आणावी काय? तसे केले तर उद्या साठवण बदलली की हिशेबही उसकटावा लागतो. म्हणून अशी व्यवस्था केली की कोणी कोणाला शोधावयाचे नाही. एका ‘चौकटी’ने सर्वांना घडवावे आणि ज्याला जे लागते ते त्याच्या हाती आणून द्यावे. होडीवरचा खलाशी बर्फ विकत घ्यायला कारखान्यात जात नाही. मालक बर्फ, डिझेल, जाळी बंदरावर पोचती करतो, तसेच हे आहे. मार्टिन फाउलर ह्या लेखकाने जानेवारी २००४ मधील आपल्या लेखात ह्या पद्धतीला ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘स्प्रिंग’ नावाच्या चौकटीची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिचा उगम रॉड जॉन्सन यांच्या २००२ च्या पुस्तकात आहे. पुढे २००७ साली गूगल कंपनीने ‘ग्यूस’ ही चौकट प्रसिद्ध केली.

आता वस्तूचा आयुष्यक्रम पाहू. रेवदंड्याला किंवा भरडखोलला सुतार होडी बांधतो. शेवटची फळी ठोकली म्हणजे होडी तयार झाली खरी. पण त्या क्षणी तिच्यावर जाळे नाही, बर्फ नाही, खलाशी नाहीत. तेव्हाच तिला “चल मासे आण” म्हटले तर काय होईल? वस्तूचेही तसेच आहे. ती घडते त्या कामाला ‘कन्स्ट्रक्टर’ म्हणतात. सामान नंतर हाती पडणार असेल, तर घडतानाच ते वापरू पाहणारी आज्ञावली कोसळते. नवशिक्या विद्यार्थ्यांची ही नेहमीची चूक आहे, बरं का.

म्हणून चौकट वस्तूला दोन वेळा हाक मारते. सगळे सामान पोचल्यावर पहिली हाक: “आता तू सज्ज हो.” ह्याला ‘पोस्ट-कन्स्ट्रक्ट’ म्हणतात. आणि वस्तू मोडीत काढण्याच्या आधी दुसरी हाक: “आता आवरून घे.” ह्याला ‘प्री-डिस्ट्रॉय’ म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढून, इंजिन उतरवून, जाळी घरी नेऊन ती शाकारून ठेवतात, तसे हे आवरणे. उघडलेल्या वह्या मिटावयाच्या, घेतलेल्या जोडण्या सोडावयाच्या. २००६ पासून जावा भाषेच्या मोठ्या संचात ह्या दोन्ही हाकांच्या खुणा ठरून गेल्या आहेत. ग्यूसच्या मूळ साच्यात मात्र त्या नाहीत. हव्या असल्यास जोडून घ्याव्या लागतात.

ह्या दुसऱ्या हाकेवर फार विसंबू नये. स्प्रिंगमध्ये ‘मागेल तेव्हा नवी’ अशा प्रकारची वस्तू चौकट घडवून देते आणि विसरते. तिला आवरण्याची हाक येतच नाही. शिवाय वीजच गेली तर हाक मारणार कोण? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली, हे आपण पाहिले आहे. म्हणून महत्त्वाची नोंद काम होताक्षणीच लिहून ठेवावी, शेवटच्या आवराआवरीसाठी शिल्लक ठेवू नये.

आता उघाडीकडे वळू. काही कामे अशी असतात की ती प्रत्येक वस्तूला लागतात. पण कोणाचीच खास नसतात. मागणाऱ्याला अधिकार आहे काय हे पाहणे, नोंद ठेवणे, किती वेळ लागला ते मोजणे ही ती कामे. प्रत्येक ठिकाणी हीच वाक्ये लिहिली तर एखादे ठिकाण विसरतेच. १९९७ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील ग्रेगर किझालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कामे वेगळी काढून एकाच जागी लिहिण्याचा मार्ग मांडला. इंटरसेप्टर हा त्याच विचारातला आहे. वस्तूला हाक मारली की ती आधी वाटेतल्या ह्या पहारेकऱ्याकडे जाते. तो आपले काम करतो, हाक पुढे सोडतो आणि उत्तर परत येताना पुन्हा पाहतो. पाणी जाताना आणि येताना उघाडीशी गाठ पडते, तसेच.

पहारेकऱ्याला तीन पथ्ये आहेत. हाक पुढे सोडावयास विसरू नये, नाहीतर काम गुपचूप राहून जाते. आत काही बिघाड झाला तर तो झाकू नये. आणि अनेक पहारेकरी असल्यास त्यांचा क्रम विचाराने लावावा: नोंद आधी आणि अधिकार नंतर तपासला, तर नाकारलेली मागणीही पूर्ण झाली म्हणून वहीत चढेल.

येथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मी एका कॉलेजच्या ग्रंथालयासाठी आज्ञावली केली. ‘पुस्तक दे’ आणि ‘पुस्तक परत घे’ ह्या दोन कामांवर पहारेकरी बसविला. प्रत्येक देवघेव तो वहीत लिही. वर्षभर ठीक चालले. मग गरजू मुलांचे पाच-पाच पुस्तकांचे संच एकदम परत घेता यावेत म्हणून आम्ही त्याच वस्तूत ‘संच परत घे’ हे नवे काम घातले. ते आतल्या आत ‘पुस्तक परत घे’ला पाचदा हाक मारी. सगळे कसे सुबक दिसत होते!

परीक्षा संपल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. किनाऱ्यावरच्याच गावची, घरी मासळीचा धंदा. म्हणाली, “सर, मी पुस्तकं दिलीत हो. पण वहीत पाचही माझ्या नावावर आहेत, आणि दाखला अडलाय. भरपाई भरा म्हणतात.” मीसुद्धा वही पाहिली आणि तिलाच म्हटले, “घरी नीट शोध, बाळ.” ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी ग्रंथालयातल्या शिपायाने ती पाचही पुस्तके कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली.

चूक कुठे होती? स्प्रिंगच्या नेहमीच्या पद्धतीत पहारेकरी वस्तूच्या आत नसतो. तो वस्तूच्या पुढे उभ्या असलेल्या एका मुनिमाजवळ असतो. ह्या मुनिमाला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. बाहेरून आलेली हाक मुनिमाकडून जाते. पण वस्तूने स्वतःलाच मारलेली हाक मुनिमाला ऐकूच येत नाही. खाचरातले पाणी शेजारच्या खाचरात वळविले तर ते उघाडीतून कशाला जाईल? पुस्तके देताना एकेक दिली होती, म्हणून देण्याची नोंद झाली. परत घेताना हाक आतल्या आत फिरली, म्हणून परतीची नोंद झाली नाही. पहिल्या ‘सज्ज हो’ हाकेच्या वेळीही तिथे हा मुनीम अजून उभा राहिलेला नसतो; तेव्हाच्या कामाचीही नोंद धरून चालू नये. ग्यूस मूळ वस्तूचाच उपप्रकार बनविते, म्हणून तिथे आतली हाकही पकडली जाते. मात्र ती वस्तू ग्यूसनेच घडविलेली हवी, आणि बदलता न येणाऱ्या किंवा खाजगी ठरविलेल्या कामांवर तिथेही पहारा बसत नाही.

आम्ही ‘संच परत घे’ हे काम वेगळ्या वस्तूत नेले. मग प्रत्येक हाक बाहेरून, मुनिमाकडून जाऊ लागली आणि नोंद बिनचूक होऊ लागली. त्या मुलीला दाखला मिळाला. मी तिची क्षमा मागितली, तीही वर्गासमोर. कारण संशय मी घेतला होता, संगणकाने नव्हे.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ फळ्यावर न शिकविता वर्गातच खेळून दाखवावा. एका मुलाला कपाट करावे, दुसऱ्याला दारात वही घेऊन बसवावे, बाकीच्यांनी दारातून येऊन पुस्तके परत करावीत. मग दोघांना खिडकीतून पुस्तके आत द्यावयास सांगावे आणि शेवटी वही व कपाट ताडून पाहावे. आणि श्रोतेहो, एखाद्या कचेरीत “संगणकात नोंद नाही” असे कोणी सांगितले, तर मुकाट्याने परत फिरू नका. वस्तू प्रत्यक्ष जागेवर आहे की नाही ते एकदा पाहा, अशी नम्र विनंती अवश्य करा. आपल्याकडे बांधाला खांड गेली तर आपण कागद पाहत बसत नाही, बांधावर जाऊन पाहतो.